सहा प्रश्नचिन्हांचा तालुका

‘माहिती यशस्वीरीत्या जतन झाली’ या वाक्यावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि या अविश्वासाचाच पुण्यातली एक कंपनी मला दरमहा पगार देते. तोही शेवगावात, घरी बसून. गल्लीत मात्र मी ‘कंप्युटरवाला’ असल्यामुळे कुणाचाही प्रिंटर अडकला की बोलावणं मलाच.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, आणि मदतीला ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम असतं. 2004 साली शिकागोत जेसन हगिन्स यांनी आपल्या कंपनीतल्या वेळ-खर्चाच्या नोंदींची प्रणाली तपासण्यासाठी ते रचलं. स्क्रिप्ट सुरू केली की ब्राउझर आपोआप उघडतो, फॉर्म भरला जातो, बटण दाबलं जातं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आईनं मीठमोहऱ्या काढल्या होत्या.

पण सेलेनियमला दिसतो फक्त पडदा. पडद्यावर हिरवी टिकली आली की ते बिचारं खूश. आत डेटाबेसमध्ये काय उतरलं, याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून त्याच स्क्रिप्टमधून जेडीबीसीनं थेट डेटाबेसशी वेगळं कनेक्शन उघडायचं, सिलेक्ट क्वेरी मारून नोंद वाचायची आणि भरलेलं नि साठलेलं ताडून पाहायचं.

वडिलांना हे एका वाक्यात समजलं. जिनिंगवर कापूस नेण्याआधी ते बाहेरच्या काट्यावर वजन करूनच नेतात. “म्हणजे पट्टीवरचं आणि वहीतलं जुळवायचं. त्यात इंजिनीअर कशाला लागतो?”

लागतो. एकदा शेतकऱ्याच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये तालुका भरला ‘शेवगाव’. पडद्यावर झकास शेवगाव, टिकली हिरवीगार. डेटाबेसमध्ये पाहिलं तर ‘??????’. त्या कॉलमचा प्रकार होता व्हारचार. त्या डेटाबेसमध्ये देवनागरीला एनव्हारचार लागतो. अक्षरं आणि मात्रा धरून शेवगावची मोजून सहा प्रश्नचिन्हं. वडील म्हणाले, “रस्ते बघून लिहिलं असेल.”

कॉलम सुधारला, तर दुसऱ्या तक्त्यातल्या जुन्या नोंदींत ‘शेवगांव’ निघालं. एसटीच्या पाटीवर अनुस्वार असला काय नि नसला काय, माणूस योग्य गाडीत चढतो. क्वेरी चढत नाही. त्यात 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. यादीत नवं नाव, तक्त्यात जुनं, आणि सकाळी उठून बघावं तर सगळ्या चाचण्या लालेलाल.

कधी कधी नोंद असूनही दिसत नाही. अॅपनं ती लिहिलेली असते, पण कमिट, म्हणजे पक्की, व्हायची असते; तोवर आपल्या कनेक्शनला ती शून्य. यावर नवशिक्यांचा उतारा ठरलेला: स्क्रिप्टला पाच सेकंद झोपवा. पाचाचे दहा होतात, दहाचे तीस. पुढे चाचणी कमी, वामकुक्षी जास्त. त्यापेक्षा थोड्या थोड्या वेळानं डोकावावं आणि ठरलेली मुदत संपली की सरळ नापास करावं.

काही सोवळे लोक म्हणतात, ब्राउझरच्या चाचणीनं डेटाबेसला शिवूच नये. ग्राहकाला दिसतं तेवढंच बघावं. निम्मं मलाही पटतं. प्रत्येक बटणामागे क्वेरी लावली, तर तक्त्यातल्या एका कॉलमचं नाव बदलताच शंभर चाचण्या आडव्या होतात. पण पैशाचा मामला असेल, तर मी वही उघडणारच. आणि तपासून झालं की आपण घुसवलेला खोटा शेतकरी आठवणीनं पुसणार, नाहीतर त्याच्या नावानं कुठंतरी कर्जमाफी मंजूर व्हायची.

हे ऐकून वडिलांनी खिशातून मोबाईल काढला. पीकविम्याचा मेसेज होता: रक्कम जमा.

“तुझी ती सिलेक्ट आमच्या बँकेत मारता येते का रे?”