उसनं मागावं, पण नेमकं

आठवीत इंग्रजीच्या सरांनी 'लेंड' आणि 'बॉरो' यांच्यातला फरक समजावण्यात अख्खा तास घालवला. घंटा झाली आणि मागच्या बाकावरच्याने पुढच्याला विचारलं, "प्लीज बॉरो मी युवर पेन." पुढच्याने पेन दिलं. ते परत आलं नाही. व्याकरण चुकलं, व्यवहार मात्र रीतसर पार पडला.

दोष त्या पोराचा नव्हता. मराठीत देणारा उसनं देतो आणि घेणाराही उसनंच घेतो. पाचशेची नोट हातातून सुटली की देणाऱ्याचं ते 'येणं' होतं आणि घेणाऱ्याचं 'देणं'. म्हणजे ज्याने दिलं त्याच्याकडे 'येणं', ज्याने घेतलं त्याच्याकडे 'देणं', आणि नोट तिसऱ्याच कुणाकडे. कायद्याच्या मराठीत या दोघांना धनको आणि ऋणको म्हणतात. ज्याच्याकडे धन आहे तो धनको, असा गैरसमज आहे. ज्याच्याकडे धन होतं, तो धनको.

नवोदित ऋणकोने आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवावं. उधार दुकानात मिळतं, तेही 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी वाचून झाल्यावर. कर्ज बँकेत मिळतं. हातउसन्याला मात्र व्याज नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. तारण एकच, रस्त्यात भेटल्यावर नजरेला नजर देण्याची सोय. विरजण यांपैकी कशातच बसत नाही. चमचाभर विरजण नेणाऱ्याला 'परत कधी?' असं कुणी विचारत नाही; फक्त तिन्हीसांजेला मागू नये, दही द्यायला आजी नाही म्हणते. साखरेची वाटी याच्या उलट. ती रिकामी परत करायची नसते, दोन बेसनाचे लाडू घालून करायची. हे व्याज कुठल्याही बँकेला परवडणार नाही.

आता प्रश्न कसा विचारावा. "कुठे आहेस?", "बिझी आहेस का?", "काही नाही, सहज" असे तीन मेसेज टाकून गप्प बसू नये. चौथा येईपर्यंत समोरच्याच्या मनात अपघात, आयसीयू आणि दोन लाख रुपये येऊन जातात. (काही मुरलेले ऋणको हे मुद्दाम करतात, दोन लाखांच्या धास्तीनंतर पाच हजार फारच स्वस्त वाटतात. हा प्रकार प्रगत अभ्यासक्रमातला आहे.) "तुझ्याकडे पैसे आहेत का?" हाही प्रश्न वाईट. हो म्हटलं तर अडकलो, नाही म्हटलं तर खोटं बोललो. 'थोडे' हा शब्द तर वापरूच नये. मागणाऱ्याचे थोडे आणि देणाऱ्याचे थोडे यांची गाठ पडत नाही. नमुना असा: "गॅरेजवाल्याचे २,००० द्यायचेत. सात तारखेला पगार झाला की लगेच टाकतो. जमेल का?" यात आकडा आहे, कारण आहे, तारीख आहे. आणि शेवटच्या 'जमेल का'मध्ये समोरच्याला पळून जायला दार आहे. ते दार ठेवलं की माणूस सहसा पळत नाही.

धनकोचं काम जास्त अवघड, कारण त्याचा प्रश्न एकच आणि तोच विचारायची त्याला लाज. एका मित्राला मी तीन हजार दिले होते. अकरा महिने दर पंधरवड्याला फोन करून मी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. एक गुडघा बदलला, मग दुसरा बदलला, काकू पर्वती चढायला लागल्या. शेवटी मन घट्ट करून म्हटलं, "अरे, ते तीन हजार..." तो म्हणाला, "राहू दे रे, सावकाश दे. तू इतकी चौकशी करायचास, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की तुला देणं जमत नाहीये."

म्हणून लिहून ठेवावं असं म्हणतात. परतीची तारीख ठरलेली नसेल तर १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. "हो रे, लक्षात आहे" असं तोंडी म्हणण्याने मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत ऋणकोने सही करून लिहून दिलं तर वाढते. अर्थात नुसत्या कागदाचंही काही खरं नाही. १८७५च्या मे महिन्यात सुप्याला सुरू झालेल्या दंग्यांत पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे शोधून शोधून जाळले. त्यांतल्या कित्येकांना आपण कशावर अंगठा उठवला हे वाचता येत नव्हतं, आणि विचारायचं तर सावकारालाच. सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

घरगुती पातळीवर आपण कागदाच्या भानगडीत पडत नाही, भांड्यावर नाव कोरून घेतो. आमच्याकडे स्टीलचा एक मोठा डबा आहे. झाकणाच्या कडेला बारीक ठिपक्यांत कोरलंय, 'कु. शैला हीस मामाकडून'. आमच्या घरात शैला नाही. तो कधी आला, कुणी आणला, हा प्रश्न माझ्या आठवणीत तरी कुणी विचारलेला नाही.

परवा समोरच्या वहिनी आल्या. चिवड्यासाठी मोठा डबा आहे का म्हणाल्या, रविवारी आणून देते. आईने तोच काढला, फडक्याने पुसला आणि त्यांच्या हातात देताना म्हणाली, "आठवणीने परत द्या हं. नाव आहे त्याच्यावर."