मावशीची मंजुरी

आमच्या धाकट्या मावशीचं वय चोपन्न, नोकरी सरकारी बँकेच्या कर्ज विभागात, मुक्काम डोंबिवली पूर्व आणि वाचन सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या प्रेमकथांचं. पहिल्या तीन गोष्टींबद्दल नातेवाइकांची तक्रार नसते. चौथीवर मात्र प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी घसरतंच. ‘या वयात ज्ञानेश्वरी वाचावी,’ असं थोरल्या मामाने एकदा पंगतीत सुचवून पाहिलं. मावशी म्हणाली, ‘वाचते की. पण तिथे सगळं माउलींनी मार्गी लावून ठेवलंय. या पोरांकडे माझ्याशिवाय बघणारं कोण आहे?’

अशा पुस्तकांच्या वाचकाचं एक चित्र लोकांच्या मनात पक्कं असतं. उशीवर डोकं, छातीवर पालथं पुस्तक, डोळ्यांत राजपुत्र. मावशीच्या डोळ्यांवर चष्मा असतो आणि हातात पेन्सिल. राजपुत्र तिला स्वतःसाठी नकोच आहे. तिला तो मंजूर किंवा नामंजूर करायचा आहे.

हा नाद तिला लावला माझ्या धाकट्या बहिणीने. कॉलेजसाठी ती मावशीकडे राहायला होती, तेव्हा उशाशी पुस्तकांचा ढीग असायचा. शिक्षण संपलं, बहीण नोकरीला हैदराबादला गेली, पुस्तकं डोंबिवलीतच राहिली. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी आत पैसेबिसे ठेवलेले नाहीत ना, हे बघायला मावशीने पहिलं पुस्तक उघडलं आणि रद्दीवाला खालून हाका मारून निघून गेला.

ते पुस्तक होतं ‘ट्वायलाइट’. त्यातला एडवर्ड वाचून जगभरच्या मुली वेड्या झाल्या. मावशी वेडी झाली नाही, तिने वही काढली. मुलाचा जन्म १९०१चा. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता व्हँपायर झाला, म्हणून वय सतरावर थांबलेलं. मावशीचा शेरा: ‘शंभरी उलटली, अजून शाळेत. उत्पन्नाचा स्वतंत्र पुरावा नाही. रात्री मुलीच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना बघत बसतो. हे प्रेम नव्हे, पोलीस केस.’ त्याचा प्रतिस्पर्धी जेकब. त्याच्याबद्दल तिला सुरुवातीला बरं वाटत होतं. पण चौथ्या पुस्तकात तो त्याच नायिकेच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीशी जन्माचा बांधला जातो, हे वाचून मावशीने पुस्तक मिटलं आणि बहिणीला हैदराबादला फोन लावला. ‘बारशाआधीच जावई? आणि तोही आईला मागणी घालून झालेला? अगं, या घरात वडीलधारं कुणी आहे की नाही?’

तेव्हापासून वहीत रकाने पडले. नाव, वय, घरची परिस्थिती, पूर्वीची प्रकरणं, शेरा. ‘हंगर गेम्स’मधला पीटा हा तिथला आजवरचा सर्वांत जलद मंजूर झालेला अर्ज. बेकरीवाल्याचा मुलगा. लहानपणी भुकेने व्याकूळ झालेली नायिका कॅटनिस बेकरीच्या मागे पावसात बसलेली दिसली, तर याने मुद्दाम पाव जाळले, आईचा मार खाल्ला आणि ते पाव तिच्याकडे फेकले. मावशीने पुढे लिहिलं: ‘मुलगी ओळखीची नसताना दिले. परतफेडीची अपेक्षा नाही. स्वयंपाकघराची सवय आहे. मंजूर.’ दुसरा उमेदवार गेल. शिकारी, देखणा, जुना मित्र. पण शेवटी ज्या बॉम्बने कॅटनिसची धाकटी बहीण गेली, तो याच्याच कल्पनेतला असावा, असा संशय उरतो. ‘संशय असला की फाईल बाजूला,’ मावशी म्हणते. ‘सिद्ध व्हायची वाट बघायला आपण कोर्ट नाही.’

‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’च्या ऑगस्टसला मात्र तिने बराच त्रास दिला. मुलगा कॅन्सरमधून उठलेला, तोंडात सिगरेट धरतो पण पेटवत नाही. मरण ओठांत धरायचं आणि त्याला मारण्याची ताकद द्यायची नाही, अशी त्यामागची भूमिका. ‘मग खडीसाखर धर की,’ एवढंच मावशी म्हणाली. तो गेला तेव्हा मात्र तिने शेरा लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत एका तरुण कर्जदाराचा हप्ता चुकल्याची नोटीस तिने दुपारपर्यंत टेबलावरून हलवली नाही म्हणे.

मावशीचं खरं राज्य म्हणजे सकाळच्या लोकलचा लेडीज डबा. तिथे कुणी मटार सोलतं, कुणी विणतं, कुणी उभ्या उभ्या झोपतं. मावशी बोलते. जेनी हान या लेखिकेच्या ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’वरची मालिका २०२५च्या जुलैमध्ये तिसऱ्या आणि शेवटच्या पर्वात आली. दर बुधवारी नवा भाग, आणि गुरुवारी सकाळी डब्यात त्याची सुनावणी. यातल्या कित्येक बायकांनी ना पुस्तक पाहिलं होतं ना मालिका. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

‘दोघं सख्खे भाऊ?’
‘सख्खे. थोरला कॉनराड, धाकटा जेरमाया.’
‘आणि मुलगी एकच?’
‘एकच. दर उन्हाळ्यात आईबरोबर त्यांच्या समुद्रकाठच्या घरी जाते. दोघींच्या आया जिवलग मैत्रिणी.’
‘दोघींच्या कुठल्या? मुलगी एकच म्हणालात ना?’
‘मुलीची आई आणि मुलांची आई हो!’
‘मग मुलांची आई काय म्हणते?’
‘ती कॅन्सरने गेली.’

मटार सोलणारे हात थांबले. ‘अगंबाई! मग थोरल्यालाच द्या. आईमाघारी थोरल्याचे फार हाल होतात.’

‘थोरला मनातलं बोलत नाही म्हणता ना?’ खिडकीतल्या बाई कडाडल्या. ‘न बोलणाऱ्याबरोबर मी सत्तावीस वर्षं काढली आहेत. धाकट्याला द्या.’

घाटकोपर येईपर्यंत डबा उभा दुभंगला होता. मग मावशीने कागदपत्रं पुढे केली. सहलीला गेला असताना धाकट्याने दुसऱ्या मुलीशी संबंध ठेवले, आणि वर ‘तेव्हा आमचं मोडलेलं होतं’ असा बचाव केला. ‘म्हणजे खातं बंद असताना व्यवहार केला, असं त्याचं म्हणणं,’ मावशीने खुलासा केला. शिवाय स्वतःच्या लग्नासाठी महागड्या केकचा हट्ट. भायखळ्याला थोरल्याचा पक्ष बहुमतात आला. खिडकीतल्या बाई शेवटपर्यंत धाकट्याच्याच राहिल्या, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरताना त्यांनी मावशीचा निरोपसुद्धा घेतला नाही. हा वाद असाच जगभर पेटला होता. प्रेक्षकांनी कलाकारांना छळू नये, असं आवाहन मालिकेच्याच मंडळींना करावं लागलं होतं.

गंमत म्हणजे २०११ साली आलेल्या तिसऱ्या पुस्तकात मुलगी शेवटी कॉनराडशीच लग्न करते, हे मावशीला ठाऊक होतं. तरी तिला झोप नव्हती. कारण मालिका लेखिका स्वतःच करत होती. ‘फाईल पुन्हा लेखकाच्या हातात गेली की तो खाडाखोड करतो,’ असा तिचा अनुभव आहे.

या अनुभवाला आधार आहे. हॅरी पॉटरच्या सातव्या पुस्तकात, २००७ साली, रॉन आणि हर्मायनी यांचा संसार रीतसर दाखवून झाला. आणि २०१४मध्ये लेखिका रोलिंगबाई एका मुलाखतीत सांगतात की ही जोडी आपण आपली हौस म्हणून जुळवली होती. मुलाखत घेणारी कोण, तर पडद्यावरची हर्मायनीच! ‘मंजुरीपत्र दिलं, रक्कम उचलली, पोरंबाळं शाळेत गेली, आणि आता म्हणतात अट चुकली,’ मावशी संतापते. उलट डिकन्सवर तिचा राग नाही. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या शेवटी त्याने पिप आणि एस्टेला यांची ताटातूट केली होती. मित्राच्या सल्ल्यावरून ती बदलून १८६१मध्ये त्यांना एकत्र येण्याची आशा ठेवली. ‘त्याने वाटपाआधी दुरुस्ती केली. ती चालते.’

मात्र तिचं सर्वांत जुनं थकीत प्रकरण आहे लुइझा मे अल्कॉट हिच्या नावावर. मावशी शाळेत असताना शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’ तिच्या हाती लागली. ज्यो आणि शेजारचा लॉरी यांचं लग्न होणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. लॉरीने मागणी घातली, ज्योने नाही म्हटलं, लॉरी पुढे तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न करून मोकळा झाला, आणि ज्योच्या वाट्याला एक वयस्कर जर्मन प्रोफेसर आला. मावशीने त्या दिवशी जेवायला नकार दिला होता. पुढे तिला कळलं की मूळ पुस्तकाचा पहिला भाग १८६८मध्ये आल्यावर वाचक मुलींनी अल्कॉटला पत्रं लिहून ज्यो आणि लॉरीचं जमवण्याचा आग्रह धरला होता, आणि त्यांची जिरवायचीच म्हणून बाईंनी दुसऱ्या भागात प्रोफेसर उभा केला. ‘तिला स्वतःला लग्न करायचं नव्हतं आणि ज्योचंही करायचं नव्हतं, हे मला समजतं,’ मावशी म्हणते. ‘मग ज्योला एकटी ठेवायची. आमच्यावरचा राग त्या पोरीवर कशाला?’ तिने पत्र लिहिलं असतं, पण अल्कॉट १८८८मध्येच वारली. मावशीच्या दृष्टीने ही सरळसरळ पळवाट आहे.

पौराणिक कर्जदारांनाही सूट नाही. खांडेकरांची ‘ययाति’ वाचताना सगळे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या त्रिकोणात अडकतात. मावशी त्याआधी देवयानीने ज्याच्यावर जीव लावला त्या कचावर अडकली आहे. देवयानीचे वडील शुक्राचार्य यांच्या पोटातून बाहेर आल्यामुळे आपण तिचे भाऊ झालो, असं सांगून कच संजीवनी विद्या घेऊन निघून गेला. ‘हे कारण नव्हे, सबब आहे,’ मावशी म्हणते. ‘बाहेर आल्या आल्या हा नातेसंबंध याच्या लक्षात आला नव्हता का?’

आता प्रश्न काकांचा. बायको इतक्या परपुरुषांच्या फायली चाळते म्हटल्यावर लोक काकांकडे सहानुभूतीने बघतात. काका महावितरणमधून निवृत्त झालेले, बोलणं मीटर रीडिंगइतकंच. दोघांचं लग्न कांदेपोह्यांच्या एका बैठकीत ठरलं. ‘ह्यांना मी कधी शिप केलं नाही, थेट लग्नच केलं,’ असं मावशी सांगते. शिप करणं म्हणजे आवडत्या पात्रांची जोडी जुळावी म्हणून देव पाण्यात घालून बसणं. काकांना शिप म्हणजे गोदीतलं जहाजच माहीत, पण तेही हसतात. मालिकेचं पर्व चालू होतं तेव्हा बुधवारी रात्रीची खिचडी त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतली. कुकरची तिसरी शिट्टी झाली की आतल्या खोलीच्या दाराशी येऊन विचारायचे, ‘जुळलं का?’ मावशी मान हलवायची. काका परत जाऊन तूप काढायचे. वहीत काकांचं पान नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, ‘फेडलेल्या कर्जाची फाईल कोण उघडतं?’

पुस्तकं वाचून मुली बिघडतात, असं मामाचं मत. मावशी पुस्तकं वाचून फक्त कडक झाली. बहिणीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा आई पगार विचारायची, बाबा फ्लॅट विचारायचे, मामा पत्रिका मागायचा. मावशी कोपऱ्यात चहा पीत बसायची आणि शेवटी एकच प्रश्न टाकायची: ‘तुम्ही कुणाची तरी माफी शेवटची कधी मागितलीत?’ पहिल्या मुलाने आईकडे पाहिलं. त्याची आई म्हणाली, ‘त्याच्यावर तशी वेळच येत नाही हो.’ मावशीने कप खाली ठेवला आणि आम्हाला कळलं की स्थळ गेलं. दुसऱ्याने ‘सॉरी, प्रश्न कळला नाही,’ म्हटलं, आणि त्यातल्या ‘सॉरी’साठी तिने त्याला काही दिवस विचाराधीन ठेवलं.

मग गेल्या दिवाळीत बहिणीनेच सांगितलं की तिचं हैदराबादमध्ये जमलं आहे. आईबाबांच्या आधी तिने हे मावशीला सांगितलं, कारण जात, पगार आणि ‘लोक काय म्हणतील’ हे तीन रकाने घरात फक्त त्याच वहीत नाहीत. मीही तिथे होतो. मावशीने वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि नाव लिहून घेतलं. मुलगा ऑफिसातला, तेलुगू, शांत. बहीण आजारी पडली तेव्हा जेवणाचा डबा घेऊन आला आणि वॉचमनकडे ठेवून, वर न येता निघून गेला.

‘वर आला नाही?’
‘नाही. म्हणाला, तू झोपलेली असशील.’

मावशीने दोनदा अधोरेखित केलं. मग पान उलटून दुसऱ्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.

‘बरं. आणि दुसरा?’
‘दुसरा कोण, मावशी?’
‘दुसरा मुलगा.’
‘दुसरा कुणी नाही. हा एकच.’

मावशीचा चेहरा पडला. ती वहीकडे बघत राहिली, बहिणीकडे बघत राहिली, आणि मग बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीचं सारं बळ एकवटून म्हणाली, ‘अगं, बँकेत साधी खुर्ची घ्यायची तरी आम्ही तीन कोटेशन मागवतो!’

तरीही तिने मंजुरी दिली. खाली शेरा आहे: ‘स्पर्धक उपलब्ध नसल्याने विशेष बाब म्हणून.’