बिल्ड तुटलंय, लवकर बघा

"बिल्ड तुटलंय, लवकर बघा." गेल्या आठवड्यात रात्री अकराला वाकडच्या घरी आलेला हा निरोप. पाठवणारा हिंजवडीतल्या एका कंपनीतला. नमस्कार नाही, जीएचसी या कंपायलरची आवृत्ती नाही, एररचा मजकूर नाही. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतली एक छोटी लायब्ररी मी सांभाळतो. नोकरी आटोपल्यावर, बिनपगारी. त्यांचं प्रॉडक्ट तिच्यावर उभं आहे आणि सूर मात्र कंत्राटदाराला झापल्यासारखा.

लायब्ररी तुटते म्हणजे काय, हे भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याला चटकन कळेल. पार्ट पास होतो तो ड्रॉइंगच्या ठरावीक रिव्हिजनप्रमाणे. रिव्हिजन बदलली की जुना पार्ट पुन्हा तपासावा लागतो. हॅस्केलची लायब्ररीही आपल्या कॅबल फाइलमध्ये लिहून ठेवते: बेस ही मूळ लायब्ररी मला ४.९ पासून चालेल, ४.११ च्या आत. २०१८ मध्ये जीएचसी ८.४ आला, त्याच्यासोबत बेस ४.११ आलं आणि ही वरची मर्यादा लिहिलेल्या लायब्रऱ्या दारातच अडल्या. काहींचा नुसता आकडा वाढवायचा होता. काहींचा कोडही बदलायचा होता, कारण त्या आवृत्तीपासून प्रत्येक मोनॉइड हा सेमीग्रुप असणं सक्तीचं झालं. काम दोन-चार ओळींचं. पण त्या ओळी घालून जुन्या जीएचसीवरही सगळं चालतंय ना, हे बघण्यात अख्खा रविवार जातो. मर्यादा काढूनच का टाकत नाही, असं विचारणारे भेटतात. काढली, तर उद्या न तपासलेली जोडी कुणाच्या तरी प्रॉडक्टमध्ये जाऊन बसेल. ती मर्यादा म्हणजे मेंटेनरने दिलेला शब्द आहे.

पुष्कळ तक्रारींत तर लायब्ररीचा दोषच नसतो. उबुंटूवर झेडलिबचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकलेलं नसतं, म्हणून हेडर सापडत नाही. किंवा आठ जीबीच्या लॅपटॉपवर सगळे कोअर लावून कंपाइल सुरू करतात, मेमरी संपते आणि सिस्टिम कंपायलरलाच मारून टाकते. एका वेळी एकच जॉब चालवला की तेच बिल्ड निमूट पार पडतं. एरर शेवटपर्यंत वाचली असती तर त्यांचीही रात्र वाचली असती आणि माझीही.

इथल्या पोरांना हे जमत नाही असं नाही, आणि राग त्याचाच येतो. त्यांनी दुरुस्ती केलेली असते, पण कंपनीच्या खासगी कॉपीत. बाहेर पाठवायला मॅनेजरची परवानगी लागते, मॅनेजर लीगलकडे बोट दाखवतो आणि पॅच तिथेच पडून राहतो. पुढचा जीएचसी आला की तीच दुरुस्ती पुन्हा. फुकट घेतलेल्या मालात केलेली सुधारणा दडपून ठेवणं, याला मी कद्रूपणा म्हणतो.

वेगळं वागणारेही आहेत. गोव्यातल्या व्हेकेशन लॅब्समध्ये सहल-बुकिंगच्या धंद्यासाठी हॅस्केल वापरलं गेलं आणि ऑड-जॉब्स ही पोस्टग्रेसवर चालणारी जॉब-क्यू लायब्ररी तिथून सगळ्यांसाठी खुली झाली. बेंगळुरूत रिक्षा मिळवून देणाऱ्या 'नम्मा यात्री'चा बॅकएंड हॅस्केलमध्ये आहे आणि तोही खुला आहे.

एकट्या मेंटेनरला पिळलं की काय होतं, ते एक्सझेड या लायब्ररीने दाखवलं. २०२२ मध्ये थकलेल्या मेंटेनरवर काही अनोळखी खात्यांनी "उशीर का?" म्हणून दबाव आणला. मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या खात्याकडे पुढे हक्क गेले आणि त्यानेच चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये एका इंजिनिअरला एसएसएच लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळताना दिसलं, म्हणून तो चोरदरवाजा सापडला.

तेव्हा हिंजवडीच्या टीम लीडना माझं सांगणं: शुक्रवारचे दोन तास द्या. अडलेली लायब्ररी, वरची मर्यादा बाजूला ठेवणारा अलाउ-न्यूअर हा पर्याय लावून बिल्ड करा, टेस्ट चालवा. पास झाल्या तर कोणत्या जीएचसीवर झाल्या ते लिहून नवी मर्यादा मेंटेनरला पाठवा. नुसता आकडा बदलायचा असेल, तर हॅकेज या हॅस्केलच्या पॅकेज-भांडारावर नवी आवृत्ती काढावीही लागत नाही. तिथल्या तिथे रिव्हिजन करता येते, आणि मेंटेनर गाठ पडत नसेल तर हॅकेजचे ट्रस्टीही ती करू शकतात. नापास झाल्या तर पूर्ण एरर पाठवा. आणि कंपनीच्या कॉपीत पॅच पडून असेल, तर तो याच आठवड्यात वर पाठवा. मी रात्री अकरालाही मर्ज करीन.