क्षारपंडित

इंग्लंडातील मध्यमवर्गीय सद्गृहस्थाच्या परसात जे लाकडी खोपट असते, त्यात एके काळी गवत कापण्याचे यंत्र, मोडक्या खुर्च्या आणि घरात येण्यास मज्जाव झालेले जुने कोट एवढाच ऐवज सापडत असे. परंतु १९६३ साली घरच्या घरी बिअर करण्यावरील परवान्याची अट सरकारने उठविली आणि त्या खोपटांपैकी कित्येकांना कालांतराने प्रयोगशाळेची कळा आली. तेथे राबणाऱ्या गृहस्थांत पोटजाती पुष्कळ. कोणी हॉप्सचा भोक्ता, कोणी यीस्टचे वंश सांभाळणारा; परंतु ह्या सर्वांत श्रेष्ठ, निदान स्वतःच्या मते, तो क्षारपंडित. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते हे सत्य त्याच्या वाचनात आले, आणि त्या क्षणापासून उरलेल्या अंशावरची त्याची वासना उडाली.

क्षारपंडिताचे बिऱ्हाड बहुधा लंडनात असते आणि चित्त बर्टनमध्ये. ट्रेंट नदीकाठच्या ह्या गावच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपत येते. त्यातील सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा व ठसठशीत उतरतो, आणि ह्याच गुणाच्या बळावर एकोणिसाव्या शतकात बर्टनच्या फिकट बिअरने कलकत्ता-मुंबईच्या गोऱ्या अंमलदारांचे घसे आपल्या ताब्यात घेतले. त्या पाण्याचे मर्म रसायनशास्त्रज्ञांनी उलगडून दाखविल्यावर परगावचे कारखानदारही आपापल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले. आमच्या पंडिताचा उद्योग ह्याच परंपरेतला आहे. लंडनच्या नळाला खडूच्या डोंगरांतून आलेले कार्बोनेटयुक्त पाणी. त्याचे पूर्वायुष्य दप्तरातून खोडून काढून त्याला बर्टनच्या रहिवासाचा दाखला मिळवून द्यावयाचा, ह्या एका तजविजीत त्याचा शनिवार खर्ची पडतो. पुढच्या शनिवारी बोहेमियातील पिल्सेन. १८४२ साली जेथे सोनेरी पिल्सनर बिअर प्रथम जन्मली त्या गावचे पाणी जवळजवळ क्षारहीन. म्हणून हा गृहस्थ मोठ्या खर्चाने बसविलेल्या गाळणयंत्रातून पाण्यातील होते नव्हते ते सारे काढून टाकतो आणि मग, पाणी फारच रिकामे झाले अशी शंका येऊन, चिमूटभर परत घालतो.

पाणीपुरवठा कंपनीचा वार्षिक अहवाल तो, आपल्याकडे लग्नघरात पंचांग पाहावे तसा, बोट ठेवून वाचतो. मग नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविण्यासाठी एक वडी चुरडून टाकावयाची, कारण ती न टाकल्यास बिअरला इस्पितळाचा वास येतो. ह्यात मात्र त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. त्यानंतर सोनाराच्या तोलाचा काटा निघतो. पंचवीस लिटर पाण्यात एक ग्रॅम जिप्सम पडले की सल्फेट लिटरमागे सुमारे २२ मिलिग्रॅमने वाढते, हा हिशेब त्याला मुखोद्गत आहे आणि दशमांश ग्रॅमच्या चुकीची क्षमा त्याच्या दरबारी नाही; मात्र हे पंचवीस लिटर तो ज्या बादलीने मोजतो, तिच्या अंगावरच्या खुणा कोणी, केव्हा व कोणत्या मनःस्थितीत काढल्या, ह्याची चौकशी त्याने आजवर केलेली नाही. शेजारच्या बरणीतील कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा इतक्या तत्परतेने शोषून घेते की काट्यावर क्षार किती तुलला आणि लंडनचा पावसाळा किती तुलला, हे ब्रह्मदेवासही सांगता यावयाचे नाही. माल्ट ऊन पाण्यात भिजत पडले म्हणजे त्या लगद्याचा पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान यावा लागतो. तो आला की पंडित खुर्चीवर बसतो आणि पीएचचे हे मापच मुळी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांच्याच आश्रयाने, सॉरेन्सन नामक रसायनज्ञाने काढले, हा वृत्तान्त समोर असेल त्यास ऐकवितो. समोर बहुधा मांजर असते.

पत्नीने ह्या सर्वांशी एक तह केलेला आहे. क्षारांच्या बरण्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून आत येणार नाहीत, हे त्यातले मुख्य कलम. त्यामागे सबळ कारण आहे: त्या बरण्यांत एप्सम गावचे मॅग्नेशियम सल्फेट असते, म्हणजे तेच विलायती मीठ जे आपल्या आजोबांना वैद्य कोठा साफ करण्यासाठी देत असत, आणि ते चुकून मटणाच्या रश्श्यात पडल्यास पाहुण्यांची रवानगी कोठे होईल हे सांगावयास नको.

सल्फेट व क्लोराइड ह्यांचे प्रमाण हा त्याचा कुळधर्म. सल्फेट अधिक तर कडवटपणा धारदार. क्लोराइड अधिक तर माल्टची चव भरीव व गोलसर. तत्त्व खरे आहे. परंतु वीसास दहा आणि दोनशेस शंभर ही प्रमाणे गणितात एक असली तरी जिभेवर एक नसतात, ही गोष्ट त्याच्यापुढे काढणाऱ्याची रात्र तेथेच जाते. पाहुण्यापुढे दोन पेले येतात. "घाई करू नका. घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी काय उरते, तेवढेच सांगा," असे तो म्हणतो, आणि पाहुणा बिचारा जिभेच्या मुळाचा शोध घेऊ लागतो. वास्तविक पाहुण्याचे मत तत्पूर्वीच रजिस्टरात पेन्सिलीने नोंदलेले असते. त्याने दुजोरा दिला की त्यावर शाई चढते, आणि न दिला तर शेऱ्याच्या रकान्यात "सर्दी" एवढाच शब्द पडतो.

इतके असूनही न्यायबुद्धीने सांगावयाचे तर त्याची बिअर उत्तम असते. तिचे श्रेय जिप्समच्या नवव्या ग्रॅमास द्यावे की भांडी घासण्यातील त्याच्या कमालीच्या टापटिपीस, हा वादाचा मुद्दा आहे. माझे मत भांड्यांच्या बाजूने पडते. आपल्या मुलखात ह्या पंडिताची शाखा निघण्याचा संभव तूर्त कमी, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून घरी बिअर करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि त्यामुळे येथले जिप्सम निमूटपणे चोपण जमिनी सुधारण्याच्या कामी येते.