पाय पाळण्यात मावले तर

ऐकलंत का? त्या सान अँटोनिओच्या बास्केटबॉलपटू व्हिक्टर वेम्बान्यामाची जुन्या दिग्गजांशी पुन्हा तुलना झाली! आज म्हणे तो हकीम ओलाजुवॉन. काल करीम अब्दुल-जब्बार होता, परवा बिल रसेल. बारशाला जमलेल्या आत्या-मावश्यांचं चालतं ना, नाक आजोबांचं, कपाळ थोरल्या काकांचं, अगदी तस्सं. पोराचं स्वतःचं म्हणून काही ठेवलंय की नाही?

पोरगं पॅरिसजवळचं, जन्म 2004 चा. उंची सात फूट चार इंच आणि हात पसरले की आठ फूट. अमेरिकेतल्या एनबीए या लीगमध्ये पाऊल ठेवण्याआधीच, 2022 साली, लेब्रॉन जेम्सनं त्याला परग्रहवासी ठरवून टाकलं. पहिल्या मोसमात सामन्यामागे 21.4 गुण, 3.6 ब्लॉक, म्हणजे अडवलेले नेम, शिवाय सर्वोत्तम नवोदिताचा मान, तोही एकमतानं. त्या वर्षी संघ 82 पैकी 60 सामने हरला, पण तो विषय काढायचा नाही. शुभकार्यात असलं बोलू नये.

आता या तुलनेतला वाद कशावरून, तर रसेलचे ब्लॉक जास्त की याचे. अहो, एनबीएनं ब्लॉक मोजायला घेतले 1973-74 पासून! तोवर रसेल आणि त्याच्या काळचा विल्ट चेंबरलेन दोघंही निवृत्त. हिशेबाची वहीच नाही, म्हणून तर भांडण असं रंगतं.

आणि या पोराची चालचलणूक बघा जरा. सेंटरनं, म्हणजे सहसा संघातल्या सगळ्यात उंच गड्यानं कसं, बास्केटखाली ठाण मांडावं, कोपरं मारावीत. हा लांब उभा राहून तीन-तीन गुणांचे नेम मारतो! पहिल्याच वर्षी शंभरावर मारले. करीमनं अख्ख्या कारकिर्दीत एक मारला, शकील ओनीलनं एक. दोन थोरल्यांचे मिळून दोन. घराण्याची रीत म्हणून काही आहे की नाही?

गंमत म्हणजे एका काकांचं नाव कुणी फारसं घेत नाही. राल्फ सॅम्पसन. हेही सात फूट चार. 1983 साली ह्यूस्टननं पहिल्या क्रमांकावर उचललं, तेव्हाही असाच गाजावाजा. मग गुडघ्यांनीच हात टेकले. बिल वॉल्टन, याओ मिंग या उंच सेंटरांची तर पावलंच दगा देत राहिली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात खरे, पण या उंचीच्या मुलांचे पाळण्याबाहेरच लोंबतात, तिथेच सगळी भीती.

आम्ही आपले पायांकडे डोळे लावून बसलो, तर 2025 च्या फेब्रुवारीत वेम्बान्यामाच्या खांद्यात रक्ताची गुठळी! उरलेला मोसम बुडाला. मग उन्हाळ्यात स्वारी कुठे? चीनमधल्या शाओलिन मठात, चक्क मुंडण करून! आणि तेवढ्यावर न थांबता ह्यूस्टनला, हकीमकडे शिकवणीला. म्हणजे आपण इथे तोंडवळे जुळवत बसलोय आणि हा थेट काकांच्या दारात.

हकीम म्हणजे तोच बरं का, जो सॅम्पसनच्या जोडीनं खेळला. ते गुडघे त्यानं शेजारून पाहिलेत. शिकवणीत तो विषय निघाला का, एवढं तरी कुणी काढून आणा ना.