हिंट : नेहमीचा

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात कागद हरवत नाही. सांगलीला विश्रामबागेत आमचे काका राहतात. त्यांच्या कपाटात फ्रिजची पावती अजून आहे. फ्रिज भंगारात जाऊन जमाना झाला. वीजबिलं वर्षवार, घरपट्टीच्या पावत्या सुतळीनं बांधलेल्या, मुदतठेवींच्या पावत्या मुदतीच्या क्रमानं. बँकेच्या खात्यावर काकूंचं नाव घालून 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' हा शेरा त्यांनी फार पूर्वीच मारून घेतला होता. त्यामुळे काकांना स्मृतिभ्रंश झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरात रडारड झाली, पण दूधवाल्याचे पैसे थकले नाहीत. पेन्शन येत होती, काकू सही करून काढत होत्या. अडलं ते एकाच ठिकाणी.

काकांच्या कॉम्प्युटरमध्ये आमचा कुलवृत्तांत होता.

ज्यांच्या घराण्यात हे पुस्तक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठे दत्तक गेला, कुणाच्या घरची मुलगी केली आणि कोण घर सोडून गेला तो परत आला नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची हजेरी त्यात असते. आमची छापील आवृत्ती जुनी झाली म्हणून निवृत्तीनंतर काकांनी नवी करायला घेतली. रोज संध्याकाळी नातेवाइकांना फोन, मग तासभर टायपिंग. माहिती सांगणाऱ्यांतली बरीच मंडळी आता स्वतःच्याच नोंदीत 'कै.' झाली आहेत. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून विचारावं तर कुणाला?

कॉम्प्युटर जुना. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये पाठिंबा काढून घेतलेलं विंडोज ७ त्यावर अजून पूर्ण बहुमतात चालू होतं. चुकीचा पासवर्ड टाकला की मालकानं स्वतःसाठी लिहून ठेवलेली हिंट ते दाखवतं. काकांनी लिहिलं होतं : नेहमीचा.

या एका शब्दानं घराण्याला जेवढं एकत्र आणलं तेवढं कुलवृत्तांतानंही आणलं नव्हतं. न्यू जर्सीतल्या त्यांच्या मुलानं नातवंडांची नावं सुचवली, आत्यानं कुलदैवत, मी स्कूटरचा नंबर. कुलदैवताचं इंग्रजी स्पेलिंग काय यावरून आत्या आणि चुलतबहीण यांच्यात जे झालं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. काकू म्हणाल्या, "त्यांचं नेहमीचं म्हणजे चहा. चहा टाकून बघा." तोही टाकून बघितला.

खुद्द काकांना विचारलं.

"काका, कॉम्प्युटरचा पासवर्ड काय हो?"

"नेहमीचाच की."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की विसराळूपणा आपल्याच बाजूला आहे असं वाटावं.

मग कुणीतरी म्हणालं, डोक्याला नसेल आठवत, बोटांना आठवेल. यात तथ्य आहे. हातांची सवय मेंदू नावागावांपेक्षा वेगळ्या जागी जपतो, आणि ती पुष्कळ टिकते. मुलांची नावं विसरलेल्या बाईच्या सुया लोकर बघताच चालू लागतात. काकांची बोटं तर टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये घडलेली. त्यांचा टीव्हीएस गोल्डचा जुना कीबोर्ड, ज्याचा खडखडाट शेजारच्या बिऱ्हाडात जायचा, तो पुसून पुढे ठेवला. काका खुर्चीत बसले, पाठ ताठ केली आणि न बघता भराभर टाइप केलं. चूक. पुन्हा तितक्याच आत्मविश्वासानं. चूक. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, म्हणून माझा लॅपटॉप पुढे ठेवून नोटपॅडमध्ये टाइप करायला लावलं. पडद्यावर उमटलं : एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे. आणि त्याखाली पुन्हा तेच. टायपिंगच्या क्लासला एक दिवस जरी गेला असाल तरी ओळखाल, हा पहिला धडा. बोटांनी आपलं काम चोख केलं होतं. फक्त आम्हाला हवं होतं त्याच्या पन्नासेक वर्षं मागे जाऊन.

पण यातून एक गोष्ट ध्यानात आली. हा आजार माणसाला उलट्या क्रमानं रिकामं करतो. तिओद्यूल रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८८१ मध्येच हे मांडून ठेवलं आहे : नवं आधी जातं, जुनं शेवटी. डॉक्टरांकडच्या तीस गुणांच्या परीक्षेतही तेच दिसलं. आज वार कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत चला. काकांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट असं न अडखळता म्हटलं आणि डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थांबले नाहीत. सुरुवातीला तीन साधे शब्द सांगितले होते, ते मात्र पाच मिनिटांनी एकही आठवेना. "पास व्हायला किती लागतात?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

आता ओटीपी म्हणजे काय ते बघा. सहा आकडे एका पडद्यावर वाचायचे, डोक्यात धरायचे आणि मुदतीच्या आत दुसऱ्या पडद्यावर उतरवायचे. ही तीच तीन शब्दांची परीक्षा. इथे मात्र नापास झालं की दार बंद. पूर्वी संस्थळं निदान विचारायची, आईचं माहेरचं आडनाव काय, पहिली शाळा कोणती. काका ते आजही सांगतील, शाळेच्या हौदात कोण पडलं होतं ते धरून. तेव्हा ती पद्धत म्हाताऱ्यांच्या सोयीची होती. अर्थात ती गेली ते बरंच झालं म्हणा, कारण आईचं माहेर आणि जन्मगाव या गुप्त गोष्टी आमच्या घराण्यानं कुलवृत्तांतात छापून, बांधणी करून, सवलतीच्या दरात विकलेल्या आहेत.

ओटीपीशी आमची गाठ मेलच्या निमित्तानं पडली. नातेवाइकांनी पाठवलेले फोटो मेलमध्ये होते आणि तिथला पासवर्डही अर्थात नेहमीचा. 'पासवर्ड विसरलात?' यावर क्लिक केलं. कोड आला काकांच्या फोनवर, आणि फोन होता काकांच्या सदऱ्याच्या खिशात.

"काका, एक नंबर आला असेल बघा. तेवढा सांगा."

काकांनी खिशावर हात ठेवला. "ओटीपी कुणाला सांगायचा नसतो."

"अहो, मी तुमचा पुतण्या."

"सगळे असंच म्हणतात."

व्हिडिओ कॉल लावून त्यांच्या मुलाला पुढे केलं. तो अमेरिकेतून कळवळून म्हणाला, "बाबा, मी आहे हो." काका त्याच्याकडे निरखून बघत म्हणाले, "आवाज मात्र हुबेहूब काढलायस."

मला यात हसू आलं, पण त्याहून जास्त आदर वाटला. वार गेला, मजला गेला, पुतण्या गेला, आणि खातेदाराला हयातभर दिलेला इशारा तेवढा जागेवर राहिला. बँकिंगच्या कुठल्याही नियमानं बघा, त्या खोलीत बरोबर वागणारे ते एकटेच होते. शेवटी त्यांची आंघोळ चालू असताना काकूंनी खुंटीवरच्या सदऱ्यातून फोन काढला. आमच्या घराण्यातली पहिली सायबर चोरी. लग्नाच्या इतक्या वर्षांत यांच्या पत्राला मी कधी हात लावला नाही, असं त्या आकडे वाचून दाखवताना म्हणत होत्या.

हे रीतसर करता येत नाही का, म्हणून वकिलांना विचारलं. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं असतं तर? ते म्हणाले, उपयोग नव्हता. १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार, अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की दिलेला अधिकार संपतो. म्हणजे छत्री आहे, पण पाऊस पडला की ती मिटते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आपला प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांच्या निर्णयांसाठी. पैशाअडक्यासाठी पालक नेमून घ्यायचा तर बहुधा उच्च न्यायालयाची पायरी. कुलवृत्तांतासाठी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे उभं राहण्याची कल्पना आत्याला आवडली होती, पण ती मागे पडली.

कंपन्यांनीही विचार केला आहे, पण तो मेलेल्यांचा. ॲपलनं २०२१ मध्ये वारस नेमायची सोय केली. वारसानं मृत्यूचा दाखला दाखवायचा. गूगलची सोय २०१३ पासून आहे. खातं ठरावीक महिने निपचित पडलं की नेमलेल्या माणसाला कळतं. आता ज्याच्या खिशातला फोन दिवसभर मेल ओढत असतो तो गूगलच्या लेखी ठणठणीत. जिवंत आणि मृत असे दोनच रकाने. आपल्या देशात साठीच्या पुढची अंदाजे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशाच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर आहेत, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. ती कुठल्या रकान्यात टाकायची?

कॉम्प्युटरचं कुलूप निघालं ते कॉलेज कॉर्नरच्या एका दुकानात. पोरगा विशीतला. त्यानं ना हिंट वाचली ना पासवर्ड विचारला. चार स्क्रू काढले, हार्ड डिस्क बाहेर घेतली, केबलनं त्याच्या मशिनला लावली आणि चहा संपायच्या आत म्हणाला, "कुठलं फोल्डर पाहिजे?" विंडोजचा पासवर्ड दाराला असतो, भिंतीला नसतो, हे ज्ञान आम्हाला फार उशिरा झालं. हल्लीच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत डिस्कच कुलूपबंद असते आणि ४८ आकडी किल्लीशिवाय तिच्यातलं अक्षर वाचता येत नाही; तिथे या पोरानंही हात टेकले असते.

डिस्क काढण्याआधी काकांची परवानगी घेतली होती. त्यांनी ती दिली. थोड्या वेळानं कशासाठी म्हणून विचारलं आणि पुन्हा दिली. हिला परवानगी म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गेलेल्या माणसाचे कागद आपण निःशंक चाळतो. शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या माणसाचे चाळताना बोटं जड होतात. म्हणून ठरवलं, कुलवृत्तांताचं फोल्डर तेवढं उघडायचं. बाकीचं राहू दे.

कुलवृत्तांत सापडला. उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये तो टाइप केलेला होता. पोरानं त्याच डिस्कवरून फॉन्ट उचलून बसवला तेव्हा आमचे पूर्वज माणसात आले. त्याच फोल्डरमध्ये 'पासवर्ड' नावाची एक फाइल होती. कॉम्प्युटर उघडायचा पासवर्ड कॉम्प्युटरच्या पोटात ठेवला म्हणून काकांना हसू नका. पासवर्ड ही चीज १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत सामाईक कॉम्प्युटरवर आणणारे फर्नांडो कॉर्बातो, पुढे स्वतःचे पासवर्ड कागदावर टाइप करून ठेवायचे. काकांनी तक्ता केला होता, बँकेच्या लेजरसारखा आखीव. मेल : नेहमीचा. वीज : नेहमीचा, पहिलं अक्षर मोठं. इन्कम टॅक्स : नेहमीचा, पुढे १. रेल्वे : नेहमीचा, पण जुना.

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती आता चुलतबहीण पुरी करते आहे. कॉम्प्युटर परत आणला, त्याचा पासवर्ड त्या पोराकडूनच काढून टाकला. काका रोज सकाळी तो सुरू करतात आणि चौकट येत नाही म्हणून काकूंकडे तक्रार करतात : "हे असं उघडं ठेवू नका. कुणीही येईल."

तुमच्याही घरात सत्तरीच्या पुढचं कुणी कॉम्प्युटर वापरत असेल, तर आज जेवताना सहज विचारून बघा, तुमचा पासवर्ड काय आहे. 'नेहमीचा' असं उत्तर आलं, तर कागद-पेन आणा आणि लिहून होईपर्यंत त्यांना पानावरून उठू देऊ नका.