कॉलेज आणि कपाशीचे वाण

बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर तालुक्यात दोन निवडी एकाच हंगामात कराव्या लागतात: कपाशीच्या वाणाची आणि मुलाच्या कॉलेजची. दोन्ही मृगाच्या आगेमागे येतात आणि दोन्हींसाठी रांग लागते. पाकिटावरचे चित्र आतल्या मालापेक्षा देखणे असते, हेही दोन्हींत सारखे. निवडीची पद्धत तर एकच आहे. शेजाऱ्याने गेल्या वर्षी काय लावले आणि त्याला काय आले, याची चौकशी करायची. शेजारी खरे सांगत नाही, म्हणून तो सांगेल त्याच्या निम्मे धरायचे आणि शेवटी त्याच्यासारखेच करायचे. फरक इतकाच की वाण चुकले तर दुबार पेरणी करता येते. कॉलेज चुकले तर तीन-चार वर्षे निंदण करत बसावे लागते.

कॉलेज निवडणे म्हणजे नेमके काय निवडणे, हे विद्यापीठाच्या घडणीवर ठरते. या बाबतीत जुने घराणे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे. तिथे विद्यापीठ एक आणि कॉलेजे तीसहून अधिक. परीक्षा, व्याख्याने आणि पदवी विद्यापीठाची. राहणे, जेवण, ग्रंथालय आणि दर आठवड्याला एक-दोघांना समोर बसवून घेतली जाणारी उलटतपासणी कॉलेजची. अर्ज 15 ऑक्टोबरपर्यंत करायचा, आणि एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी. कोणत्याही कॉलेजात गेले तरी विषय तोच, प्रश्नपत्रिका तीच आणि पदवीही तीच. म्हणून फार विचार करू नका, असे तिथले जाणकार विद्यार्थ्यांना सांगतात. विद्यार्थी अर्थातच फार विचार करतात. एखाद्याला 1264 सालचे मर्टन हवे असते, कारण ते जुने आहे. एखाद्याला मॉडलिन हवे असते, कारण त्याच्या आवारात हरणांचा कळप चरतो. कुठे जेवण बरे मिळते आणि कुठून प्रयोगशाळा जवळ पडते, हेही पाहिले जाते.

ज्याला यातले काहीच ठरवता येत नाही त्याच्यासाठी तिथे ‘खुला अर्ज’ असतो. कॉलेजचे नाव लिहायचे नाही, विद्यापीठ नेमून देईल तिथे जायचे. मलकापुरात या पद्धतीला ‘लागल तिथं’ म्हणतात. ती अधिक लोकप्रिय आहे.

आपल्याकडचे विद्यापीठ मात्र या घराण्यातले नाही. 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली त्यांचा नमुना ऑक्सफर्डचा नव्हता, लंडनचा होता. तेव्हाचे लंडन विद्यापीठ शिकवत नसे. परीक्षा घेई आणि पदवी देई. पुढच्याच वर्षी, 1858 मध्ये, वैद्यकशास्त्र सोडून बाकी पदव्यांसाठी कॉलेजात गेलेच पाहिजे ही अटही लंडनने काढून टाकली. आपल्याकडे ही सुधारणा कायद्याने कधी झाली नाही. विद्यार्थ्यांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर अमलात आणली.

विदर्भाला स्वतःचे विद्यापीठ 1923 मध्ये नागपुरात मिळाले आणि पुढची साठ वर्षे मलकापूर त्याच्या छायेत होते. त्यातली 1966 ते 1972 ही वर्षे तालुक्याच्या विशेष अभिमानाची, कारण तेव्हा नागपूरच्या कुलगुरुपदी नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते होते. नरवेल हे मलकापूर तालुक्यातलेच गाव. महानुभाव वाङ्मयाच्या या थोर संशोधकाने ‘लीळाचरित्रा’चे संपादन केले. आज त्यांचे नाव मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. पोथ्यांची सांकेतिक लिपी उलगडण्यात ज्यांनी हयात घालवली त्यांचे नाव वाचून मुले रोज यंत्रांच्या कार्यशाळेत शिरतात. इंजिनिअरिंगच्या उत्तरपत्रिकांमधले हस्ताक्षर पाहिले, तर नाव योग्यच दिले असे म्हणावे लागते.

1 मे 1983 रोजी अमरावतीचे विद्यापीठ वेगळे झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे जिल्हे त्याच्याकडे आहेत. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. जेवायचे ताट मोडा पण पोर शिकवा, अशी बाबांची शिकवण. पालक ती शब्दशः पाळतात; ताट मोडायची वेळ बहुधा तिसऱ्या सत्राच्या फीला येते.

इथून प्रश्न भूगोलाचा होतो. मलकापूर मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे आणि राष्ट्रीय महामार्गावरही. पश्चिमेला सुमारे 50 किलोमीटरवर भुसावळ, त्यापुढे जळगाव. पूर्वेला नांदुरा, जळंब, शेगाव, मग अकोला, आणि अमरावती त्याहून बरीच पुढे. आता गंमत अशी की मुक्ताईनगरची हद्द लागली की जिल्हा बदलतो आणि जिल्ह्याबरोबर विद्यापीठही. पलीकडे 1990 मध्ये स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, ज्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. ते जळगावात, म्हणजे मलकापूरला अमरावतीच्या निम्म्याहून कमी अंतरावर. थोडक्यात, शेजाऱ्याचे विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आणि आपले मात्र डबा बांधून जाण्याच्या अंतरावर.

तरीही अभियांत्रिकीच्या प्रवेशात ‘होम युनिव्हर्सिटी’ म्हणून जी संज्ञा आहे ती अमरावतीला लागू होते. होम म्हणजे घर, असे इंग्रजीच्या सरांनी शिकवलेले असते. प्रवेशाच्या नियमांत होम म्हणजे बारावी केलेले ठिकाण ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येते ते. त्या हद्दीतल्या मुलांना तिथल्या जागांचा मोठा वाटा मिळतो. त्यामुळे मलकापूरचा मुलगा आत्याकडे राहून जळगावातून बारावी झाला की कागदोपत्री खानदेशी होतो. डॉक्टर व्हायला लातूरला गेला आणि नीटमध्ये न बसल्याने इंजिनिअरिंगकडे वळला, तर तो नांदेडच्या विद्यापीठाचा, म्हणजे मराठवाड्याचा. घर, शेत, कुलदैवत आणि जातीचा दाखला मलकापूरलाच असतो, पण ‘होम’ बदललेले असते. हा निर्णय पंधराव्या वर्षी, अकरावीच्या अर्जाबरोबर, बहुधा नकळत होऊन जातो. म्हणून अकरावी विद्यापीठाच्या कक्षेत येत नसली, तरी विद्यापीठाची निवड तिथेच होते.

अकरावीचा अर्ज 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. किमान एक आणि कमाल दहा कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, नाही घेतले तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. सर्वांत आवडते कॉलेज पहिले लिहावे, एवढाच या नियमाचा अर्थ. पण सरकारी नियमाचा सरळ अर्थ सरळ घेण्याची सवय कुणाला नसल्याने आवडते कॉलेज दुसरे लिहिणारे चतुर पालक दरवर्षी निघतात.

हा अर्ज प्रत्यक्षात कसा भरला जातो ते बसस्टँडजवळच्या कोणत्याही नेट-झेरॉक्सच्या दुकानात पाहता येते. खुर्ची एक, संगणक एक, आणि खुर्चीमागे सात-आठ विद्यार्थी व त्यांच्या पिशव्या. दुकानदार स्क्रीनवरून नजर न हलवता विचारतो, “पयलं कोनतं टाकू?” विद्यार्थी मित्राकडे पाहतो, मित्र छताच्या पंख्याकडे. मग अर्ज पुढे सरकतो आणि ओटीपी लागतो. तो येतो वडिलांच्या मोबाइलवर, वडील असतात शेतात, आणि मोबाइल असतो बटनांचा.

“बाबा, मेसेज आला का?”

“आला. कोन्या कंपनीचा हाय? बियान्याचा?”

“कॉलेजचा हाय. आकडे वाचा.”

“फोन चालू असल्यावर मले मेसेज दिसत नाही. काट, मंग पायतो.”

फोन कापला जातो. वडील चष्मा शोधतात. तो बैलगाडीत असतो. परत फोन येतो, सहा आकडे मोठ्याने सांगितले जातात, दुकानदार ते टाकतो, आणि मुदत संपल्याची लाल ओळ उमटते. तिसऱ्या खेपेला जमते. तोवर मागच्या रांगेतला ताण एवढा वाढलेला असतो की पसंतीक्रम चार ते दहा दुकानदार स्वतःच्या अनुभवावरून भरून टाकतो. ऑक्सफर्डमध्ये या कामासाठी तज्ज्ञ प्राध्यापकांच्या समित्या असतात. इथे एक माणूस, तीस रुपये, रंगीत प्रिंटचे वेगळे.

निवडीचे निकष ऑक्सफर्डसारखेच, अभ्यासाला सोडून असतात. तेही साहजिक आहे. संलग्न कॉलेजांत अभ्यासक्रम, पेपर आणि पदवीवरचा शिक्का एकच असेल, तर माणूस उरलेल्या गोष्टींवरच निवडणार.

पहिला निकष गाडी. भुसावळला सकाळी कोणती गाडी जाते, संध्याकाळी कोणती परत येते आणि पास कितीचा, यावर कित्येकांची शाखा ठरलेली आहे. प्रयोगशाळेचे तास दुपारनंतर असतात आणि परतीची गाडी त्याच सुमारास, म्हणून विज्ञान सोडून वाणिज्य घेणारे विद्यार्थी मध्य रेल्वेने घडवले आहेत. खामगावला जायचे तर जळंबला उतरून छोट्या फाट्याची गाडी धरावी लागते, नाहीतर एसटी. तिथे गो. से. महाविद्यालयाचे नाव जुने आणि भारदस्त. परंतु जळंबचा फलाट उन्हाळ्यात जो विचार करायला लावतो, तो करून पुष्कळजण मलकापुरातच थांबतात.

दुसरा निकष नातेवाईक. अकोल्यात मामा असणे ही एक प्रकारची शिष्यवृत्ती मानली जाते. तिच्यासाठी गुणांची अट नाही. मामींचे मत या टप्प्यावर विचारात घेत नाहीत. ते ऑगस्टमध्ये आपोआप कळते. मग मेस शोधली जाते. मेसची चौकशी मात्र मन लावून होते: पोळ्या मोजून की पोटभर, रविवारी गोड काय, आणि रविवारच्या रात्री बंद का. एवढ्या बारकाईने कॉलेजच्या ग्रंथालयाची चौकशी केल्याचे उदाहरण नाही.

आईचा निकष वेगळा. तिला शेगाव पसंत असते. श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयही 1983 मधलेच, म्हणजे विद्यापीठाच्या वयाचे. शिस्तीचे म्हणून त्याची ख्याती आहे, पण आईचा मुद्दा शिस्तीचा नसतो. पोरगं गुरुवारी दर्शन घेईल, भेटायला गेले की आपलेही दर्शन होईल आणि येताना कचोरी आणता येईल, असा तिहेरी हिशेब असतो. तो प्लेसमेंटच्या आकड्यांपेक्षा पक्का आहे, कारण कचोरी दरवर्षी तशीच असते.

याच दिवसांत उलट दिशेनेही निवड चालू असते. काही कॉलेजांच्या जागा भरत नाहीत, म्हणून तिथले प्राध्यापक रंगीत पत्रके घेऊन उन्हातान्हात गावोगाव फिरतात. पारावर एका बाजूला बियाणे कंपनीचा माणूस आणि दुसऱ्या बाजूला एमटेक झालेले सर, असे दृश्य दिसते. दोघांकडेही हिरव्या रंगाचे चित्र असते आणि दोघेही ‘शंभर टक्के’ हा शब्द वापरतात. बियाणेवाला निदान उगवणक्षमता पाकिटावर छापतो.

अकोल्याबद्दल वेगळे सांगायला हवे. तिथे नीट आणि जेईईच्या शिकवणीचे मोठे जाळे आहे, आणि त्यातून ‘टाय-अप’ नावाचा प्रकार निघाला. त्यात नाव एका कॉलेजात असते आणि शरीर एका क्लासमध्ये. कॉलेजने हजेरी द्यायची, क्लासने शिकवायचे, मंडळाने परीक्षा घ्यायची. ऑक्सफर्डमध्ये कॉलेज आणि विद्यापीठ अशी दुहेरी व्यवस्था आहे म्हणून जगभर कौतुक होते. वऱ्हाडातली तिहेरी व्यवस्था कुणाच्या लक्षात आलेली नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी आपले कॉलेज कुठे आहे हे रिक्षावाल्याला विचारतो. रिक्षावाल्याला माहीत असते.

कॉलेजच्या नावाला मोल किती, हाही प्रश्न आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. महाराष्ट्राने त्यांच्या नावामागे ‘रँग्लर’ कायमचे जोडले; पण त्यांचे कॉलेज सेंट जॉन्स, हे फारच थोड्यांना सांगता येते. मलकापुरात कॉलेजचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न येतो, “सरकारी का प्रायव्हेट?” त्याचे उत्तर दिले की तिसरा येतो, “डोनेशन किती?” चौथा प्रश्न मुलगी असेल तर लग्नाचा आणि मुलगा असेल तर पॅकेजचा. विषय कोणता घेतला, हे विचारायचे राहून जाते.

पदवीबाबत एक तुलना करता येते. ऑक्सफर्डचा बीए झालेला विद्यार्थी प्रवेशापासून एकवीस सत्रे, म्हणजे सात वर्षे लोटली की आणखी परीक्षा न देता एमए होऊ शकतो. अमरावती विद्यापीठातही काहींना बीएच्या पदवीसाठी सात वर्षे लागतात. त्यांना मात्र बीएवरच समाधान मानावे लागते, आणि परीक्षा प्रत्येक वेळी द्यावी लागते.

निवड पूर्ण झाली असे केव्हा मानायचे, याबद्दल मतभेद आहेत. पहिल्या यादीत नाव आले की झाली, असे विद्यार्थ्याला वाटते. फी भरली की झाली, असे वडिलांना. कार्यालयातल्या बाबूंच्या मते मूळ टीसी जमा झाली की झाली, आणि बाबूंचेच मत चालते. टीसी एकदा त्या कपाटात गेली की ती परत काढायला, ती मिळवण्यापेक्षा जास्त चकरा लागतात. तेव्हा टीसी देण्याआधी तिच्या पाच झेरॉक्स काढून घ्याव्यात आणि त्यातली एक घरी पेटीत ठेवावी. दुसऱ्या फेरीला लागते.